उपासाचं मीठ

ताई, काल तुझी तेरवी झाली. माणसं जेवून गेली, भांडी घासून झाली, आणि आज दुपारी मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. दुसरं कोणी उरलं नाही भांडायला. वाशीमजवळच्या मालेगावातल्या तुझ्या त्या एका खोलीत ठेवून तू मला सातवीपर्यंत शिकवलंस, "बोलतानी कशीबी बोल, पन लिहितानी शुद्ध लिहीजो" म्हणत बोटांवर पट्टी मारलीस. म्हणून शुद्ध लिहायचा प्रयत्न करते. भांडण मात्र आपल्याच बोलीत होईल, ते शुद्ध करायला मला जमणार नाही.

आधी एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे पुढं मला लपायला जागा राहणार नाही. लोक म्हणतात, मास्तरीणबाई जिभेपायी गेली. पाच वर्षं मिठाचं पथ्य पाळलं आणि भाचीच्या लग्नात लोणच्यावर तुटून पडली. हे खोटं आहे. लोणच्याच्या बरणीला तुझं बोटसुद्धा लागलं नाही. तुझ्या वरणात मीठ मी घालत होते. अकरा दिवस, दोन्ही वेळा.

आता मला हव्या तेवढ्या शिव्या दे. पण तू कधी शिव्या दिल्याच नाहीस, हाच तर तुझ्याशी मोठा वांधा होता. मी तडतड करायची आणि तू चष्मा पुसत बसायचीस.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी तुझे पाय सुजले. आधी वाटलं, शाळेत दिवसभर उभी राहतेस म्हणून. मग सकाळी डोळे उघडेनात इतकी पापण्यांवर सूज. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडं थकली आहेत, मीठ बंद. कमी नाही, बंद. तू माझ्या गावी, इंझोरीला येऊन मला हे सांगितलंस तेव्हा मी हसले होते. "मिठाबिगर मानूस जगते काय वं? ढोराले बी आपन मीठ चाटवतो!" तू म्हणालीस, "ढोराले डॉक्टर नसते ना." आणि पिशवीतून आपला डबा काढलास. माझ्या घरात, माझ्या चुलीसमोर बसून तू आपल्या डब्यातली अळणी भाकर आणि अळणी भाजी खाल्लीस. मला तेव्हा कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

तुला कळलं होतं का, मला किती लागलं ते? अख्ख्या गावात माझ्या हाताला चव आहे म्हणतात. बारसं असो की तेरवी, वरणाला फोडणी द्यायला मला बोलावतात. आणि माझी सख्खी बहीण माझ्या दारात डबा घेऊन येते. आई गेल्यावर माहेर म्हणून तुला मीच होते. माहेरी आलेल्या लेकीला कोणी अळणी वाढतं का? शेजारची विचारायची, "तुह्यी बहीन तुह्या घरचं खात नाई काय वं? भांडल्या का काय?" मी म्हणायची, पथ्य आहे. ती "हो का" म्हणायची आणि माझ्याकडे बघत राहायची.

मग तुझं ते फिरणं सुरू झालं. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत तू पिशवी भरून निघालीस तेव्हा मी वाशीमच्या स्टेशनवर येऊन तमाशा केला होता, आठवतं? खांडव्याकडं जाणारी सकाळची गाडी लागली होती. तुझ्या हातात कापडी पिशवी, पिशवीत वातीचा स्टोव्ह, पितळी डबा, ज्वारीचं पीठ, मुगाची डाळ, पाच-सहा लिंबं, आणि एका लहान डबीत बिनमिठाचं तिखट.

"देवाले चालली काय?"

"नाई. ओंकारेश्वराले चालली, पन देवाले नाई. नदी पाहीन, घाटावर बसीन."

"एकटी? इधवा बाई, एकटी? लोक काय म्हनतीन?"

"म्हनू दे."

"मंग कायले चालली, ते तं सांग!"

तू पिशवी खाली ठेवलीस. म्हणालीस, "कमे, चार दिस मले कोनी खा-खा म्हनू नये, म्हून चालली. जिथं जातो तिथं मानसं ताट घिऊन उभे. शाळेत चिवडा, शेजारी पापड, तुह्या घरी तू. मी रोज नाई-नाई म्हनून थकली. आजारानं नाई थकली, मानसांनं थकली."

गाडी सुटली आणि मी फलाटावर रडत उभी राहिले. तू गेलीस म्हणून नाही, ते "तुह्या घरी तू" लागलं म्हणून.

परत आलीस तेव्हा तुझा चेहरा उतरला होता, म्हणजे सूज उतरली होती. हसून हसून गोष्टी सांगितल्यास. गाडीत एका बाईनं शिदोरी सोडली, ठेचा-भाकर तुझ्यापुढं केली. तू आधी म्हणालीस, मला आजार आहे, मीठ चालत नाही. झालं! गाडीचा सगळा डबा वैद्य झाला. एक म्हणे थोड्यानं काही होत नाही, दुसरी म्हणे माझ्या नंदेला असंच होतं, ती तर सगळं खाते. पुढच्या खेपेला तू शहाणी झालीस. कोणी काही पुढं केलं की हात जोडून म्हणायचीस, "माहा उपास हाय." लगेच सगळे गप्प. वर पाया पडायला आले! तू मला म्हणालीस, "पाह्य कमे, आजारासंग लोक भांडते, उपासासंग कोनी भांडत नाई." आपण दोघी पोट धरून हसलो होतो. हे वाक्य लक्षात ठेव ताई, पुढं मला त्याचीच मान धरायची आहे.

ओंकारेश्वरच्या धर्मशाळेतल्या त्या बाईचं तू किती कौतुक करायचीस. पहिल्या वर्षी तू तिच्या ओसरीवर स्टोव्ह पेटवून अळणी डाळ शिजवत बसलीस. तिनं विचारलं, तू सांगितलंस, तिनं मान हलवली, बस. दुसऱ्या वर्षी तू ओसरीवर पाय ठेवलास तर म्हणाली, "दीदी, आपका फीका निकाल के रखा है।" मीठ घालायच्या आधी तुझी वाटीभर डाळ तिनं बाजूला काढली होती. तेव्हापासून तिथं तुझा स्टोव्ह पेटला नाही. तू सांगत होतीस आणि मी मनात म्हणत होते, कोण कुठली निमाडातली बाई! आज कळतं. परकी होती, पण वाटीभर डाळ मिठाआधी काढून ठेवायची अक्कल तिला होती. मला नव्हती.

तिथून तू एक कार्ड टाकलं होतंस. चार ओळी. नदी भरून वाहते आहे, रोज दोन तास घाटावर बसते, पाय हलके झालेत, आणि शेवटी, "इथं माझ्या ताटात कोणी डोकावत नाही." ते कार्ड मी चुलीत घातलं. तू विचारलंस तेव्हा म्हणाले, मिळालंच नाही, पोस्टमन नालायक आहे. बिचाऱ्या पोस्टमनवर आळ घेतला.

दर सुट्टीत मला म्हणायचीस, "चाल माह्यासंग." कधी तूर काढायची होती, कधी म्हैस विणार होती, कधी ह्यांना ताप होता. लोणारला तर एका दिवसात जाऊन येता आलं असतं, तरी मी आले नाही. तू एकटीच एसटीनं गेलीस आणि येऊन म्हणालीस, "मले मीठ बंद, अन् मी खाऱ्या पान्याच्या काठावर बसून लिंबू-भाकर खाऊन आली!" मी म्हटलं, "निरा पागल हायेस." खरं सांगू? मला भीती वाटायची. तुझ्यासारखं दिवसभर कोणासाठी काही न करता, कोणाला काही न वाढता बसायचं म्हणजे मी कोण उरणार, हे मला समजायचं नाही. तू मात्र तिथून ताजी होऊन यायचीस. सहा महिने पुरायचं तुला ते. डॉक्टरही म्हणायचे, बाई, तुम्ही हे जे करता ते सोडू नका.

ते मी सोडायला लावलं.

माझ्या शोभाचं लग्न वैशाखात ठरलं. उन्हाळ्याच्या सुट्टीतला तुझा जायचा आठवडा आणि लग्नाची धांदल एकाच वेळी आली. तू किती साधं मागितलं होतंस. "मी आता चार दिस जाऊन येतो, पाय जड झाले माह्ये. लग्नाच्या दोन दिस आधी हजर होतो. माह्यं जेवन मी संग आनतो."

मी पेटले. "लग्नघरात मावशी डबा घिऊन येईन? भावकीत नाक कापतं काय माह्यं? एकुलती एक भाची तुह्यी, अन् तुले नदी सुचून राह्यली? पोटची पोट्टी असती तं गेली असती काय?"

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. तुला मूल नव्हतं, आणि शोभाला तू पोटच्यासारखीच केलीस. शोभाच्या वेळी महिनाभर बिनपगारी रजा काढून तू माझं बाळंतपण केलंस. सुईण म्हणाली वातूळ नको, तर तू घरात वांगं शिरू दिलं नाहीस. सासूनं एकदा मला चोरून हरभऱ्याची डाळ दिली तर तू, कधी आवाज न चढवणारी, माझ्या सासूशी भांडलीस. माझं पथ्य तू असं पाळलंस, ताई. त्याची परतफेड मी अशी केली.

तू चष्मा पुसलास आणि म्हणालीस, "बरं. नाई जात." बारा दिवस आधी आलीस. पिशवीत स्टोव्ह होता. पहिले दोन दिवस तू मागच्या पडवीत आपलं आपण शिजवलंस. तिसऱ्या दिवशी पाहुणे यायला लागले आणि मी तो स्टोव्ह उचलून माळ्यावर टाकला. म्हटलं, "आता तुह्यं मी करतो. अळनं करतो, बाप्पा, घाबरू नको."

आणि दोन दिवस खरंच अळणी केलं. तू चार घास खाऊन उठायचीस. गळून गेल्यासारखी दिसत होतीस. मला वाटलं, मिठावाचून अंगातला जोर गेला हिच्या. मग मला ती अक्कल सुचली. फळीवर शेंदेमिठाचा पुडा होता, माझ्या एकादशीचा. उपासाला आपण साधं मीठ खात नाही, शेंदेमीठ खातो. का? कारण ते मीठ नाही. आई हेच सांगायची, आजी हेच सांगायची. मीठ असतं तर उपास मोडला नसता का? आणि तुझंच तर म्हणणं होतं, माझा उपास आहे म्हणून. मग उपासाला चालतं ते तुला का चालू नये? मला इतका आनंद झाला, ताई! डॉक्टरला जे जमलं नाही ते मला सापडलं असं वाटलं. देवाशपथ सांगते, तुला फसवतेय असं एकदाही मनात आलं नाही. सांगितलं नाही, कारण तू उगाच शंका काढशील. बस, एवढंच.

पहिल्या दिवशी वरण-भात कालवून तू घास घेतलास आणि थांबलीस. माझ्याकडे पाहिलंस. मी समोर पाटावर बसले होते, तुझ्या तोंडाकडे बघत.

"कसं झालं?" मी विचारलं.

"चांगलं झालं," तू म्हणालीस. आणि सगळा भात संपवलास.

मी आत जाऊन रडले. पाच वर्षांनी तू माझ्या हातचं पोटभर जेवली होतीस.

मग रोज. दोन्ही वेळा. तू कमी घ्यायचीस, पण टाकायची नाहीस. पाणी फार मागायचीस. आठव्या-नवव्या दिवशी तुझे गाल भरले. हातातल्या सोन्याच्या दोन बांगड्या दाटल्या, मनगटावर रुतायला लागल्या. लग्नाला आलेल्या बायका म्हणाल्या, "मास्तरीनबाई बऱ्या दिसून राह्यल्या. अंग धरलं. बहिनीचं अन्न मानवलं." आणि मी, मूर्ख बाई, पदर सावरून म्हणाले, "मंग! मी करून घालून राह्यली ना." तुझी सूज मी सगळ्यांना कौतुकानं दाखवत होते.

शोभा सासरी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी तुला श्वास लागला. भिंतीला टेकून बसलीस, आडवं होता येईना. ह्यांनी जीप मिळवली, अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी पायावर बोट दाबलं, खड्डा पडला तो भरेना. त्यांनी विचारलं, "मीठ खाल्लं का यांनी?"

"नाही," मी म्हणाले. छातीवर हात ठेवून म्हणाले. "एक कण नाही. मी स्वतः करत होते. थोडं शेंदं..."

माझं वाक्य तू पुरं होऊ दिलं नाहीस. दोन शब्दांना एक श्वास लागत होता तुला, तरी माझ्यापेक्षा मोठ्यानं बोललीस. "डॉक्टरसाहेब, मीच खाल्लं. लग्नघर होतं. लोनचं खाल्लं. राह्यवलं नाई."

डॉक्टर तुला रागावले. बाई, शिकलेल्या तुम्ही, असं कसं केलंत? तू मान खाली घातलीस. आमचे हे बाजूलाच उभे होते, त्यांनी ऐकलं. त्यांच्याकडून गावानं ऐकलं. मी बाहेर जाऊन एका सिस्टरला हळूच विचारलं, शेंदेमीठ चालतं ना? ती कामात होती, चालता चालता म्हणाली, "मीठ ते मीठच, बाई."

तेव्हा मला कळलं. आणि हेही कळलं की तुला पहिल्या घासालाच कळलं होतं. पाच वर्षं मीठ न लागलेली जीभ, तिला शेंदं आणि साधं काय, एक कणी पडली तरी कळणार. मग काहून खाल्लं, ताई? ताट सरकवून का नाही दिलंस? माझ्या तोंडावर का नाही फेकलंस? सगळ्या मुलखाला नाही म्हणायला शिकलीस, गाडीतल्या परक्या बायांना हात जोडलेस, आणि माझ्यापुढं गप गिळलंस? "खाल्ल्या मिठाला जागावं" असं आई म्हणायची. तू जागलीस. तुला कोणी सांगितलं होतं जागायला? मी मागितलं होतं का?

तीन दिवस मी तुझ्या खाटेजवळ होते. तीन दिवस हा प्रश्न माझ्या ओठांवर होता. विचारला नाही. तू एकदा डोळे उघडून म्हणालीस, "शोभी सुखरूप पोहोचली ना?" मी हो म्हटलं. तू डोळे मिटलेस. एवढा वेळ होता, दोघीच होतो, आणि मी तुझ्या बांगड्या साबण लावून काढत बसले. चौथ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

तेव्हापासून तेरा दिवस मी ऐकते आहे. दारावर येणारा प्रत्येक जण हळहळतो आणि मग खालच्या आवाजात म्हणतो, जीभ वाईट असते बरं. शाळेतल्या बाई आल्या, त्याही म्हणाल्या, इतक्या शिस्तीच्या, असं कसं केलं त्यांनी? तुझ्या पाच वर्षांच्या शिस्तीची माती झाली. तुझं ते फिरणं, ती डबी, तो स्टोव्ह, स्टेशनास्टेशनावर भज्यांचा वास गिळून खाल्लेली ती अळणी भाकर, सगळ्याचं हसू झालं. एक जण तर म्हणाला, एकटी बाहेर जाऊन काय काय खात असेल, कोणाला माहीत? मी तिथंच बसले होते.

काल तेरवीच्या पंगतीत तुझे मोठे दीर पुन्हा तेच बोलले, "लोनच्याच्या एका फोडीपायी जीव दिला बाईनं." माझ्या हातात वरणाचं भांडं होतं. ते मी खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तिनं लोनचं नाई खाल्लं. मी मीठ घातलं तिच्या वरनात. अकरा दिस घातलं. मी मारलं तिले."

पंगत थांबली. ह्यांनी माझा हात धरला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला वाटलं, आता बसेल तोंडात, आता कोणीतरी बोलेल, आता तुझं नाव धुतलं जाईल.

आपल्या काकूनं विचारलं, "कोनतं मीठ, वं?"

"शेंदं," मी म्हणाले. "उपासाचं."

सगळ्यांनी श्वास सोडला. ताई, मी तो आवाज ऐकला. काकू उठली, मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "अवं माय, शेंदं घातलं ना? मंग कायले रडून राह्यली? थे तं उपासाले चालते. त्यानं कुठं मानूस मरते काय? तू तिले शेवटी दोन घास प्रेमानं घातले, पुन्य लागलं तुले." सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मी ओरडून सांगत होते, सिस्टर म्हणाली मीठ ते मीठच, पण दुःखात बाई बडबडते म्हणून कोणी ऐकलं नाही. तुझे दीर म्हणाले, लोनच्यानंच गेली बिचारी, तू मनाले लावून घेऊ नको. पंगत पुन्हा सुरू झाली.

आणि ताई, आता हे तुलाच सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. काकूच्या खांद्यावर डोकं होतं, ती पाठ थोपटत होती, आणि तेवढ्या वेळापुरतं मला ते खरं वाटलं. मला बरं वाटलं.